व्यायाम आणि दुःखसहिष्णुता
(निरोगी व्यक्तीच्या वेदना-संवेदनेवर व्यायामप्रकारांचा होणारा परिणाम)

प्रास्ताविक

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात व्यायामाचे गुण सांगताना शरीराचे लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य, दोषक्षय आणि अग्निवृद्धी यांच्याबरोबर 'दुःखसहिष्णुता' असा एक शब्द येतो. आपण विद्यार्थिदशेत ही यादी पाठ केली, परीक्षेत लिहिली आणि पुढे व्यवसायात रुग्णांना व्यायामाचा उपदेश करताना लाघव व अग्निवृद्धी यांवरच भर देत राहिलो. स्थौल्य, प्रमेह, अग्निमांद्य यांचे रुग्ण समोर असल्याने ते स्वाभाविकही आहे. दुःखसहिष्णुता हा शब्द मात्र यादीतच राहिला. सुश्रुताचार्यांनीही चिकित्सास्थानाच्या चोविसाव्या अध्यायात श्रम, क्लम, पिपासा, उष्ण आणि शीत यांची सहिष्णुता व्यायामाने येते असे म्हटले आहे.

गेल्या चार-साडेचार दशकांत आधुनिक शरीरक्रियाशास्त्राने नेमक्या याच विषयाचा प्रयोगशाळेत अभ्यास केला आहे. व्यायामानंतर काही काळ वेदनेची जाणीव कमी होते, या घटनेला तेथे 'एक्सरसाइज इंड्यूस्ड हायपोअल्जेसिया' असे नाव आहे. आपण तिला 'व्यायामजन्य वेदनाल्पता' म्हणू. कोणत्या व्यायामाने ती किती होते, किती वेळ टिकते आणि निरोगी व्यक्तीत दिसणारा हा परिणाम रुग्णातही गृहीत धरावा का, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा विषय केवळ ज्ञानवर्धनाचा नाही. त्याकडे दुर्लक्ष झाल्यास निदानात चूक होऊ शकते, असा अनुभव मी स्वतः घेतला आहे. तो लेखात पुढे दिला आहे.

वेदनेची दोन मापे

प्रथम एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वेदना मोजताना संशोधक मुख्यतः दोन गोष्टी पाहतात. पहिली 'वेदना-उंबरठा'. दाब हळूहळू वाढवीत नेला असता ज्या क्षणी 'आता हा केवळ दाब नाही, दुखू लागले' असे व्यक्ती म्हणते, तो बिंदू म्हणजे उंबरठा. दुसरी 'वेदना-सहनशक्ती'. दुखू लागल्यानंतरही व्यक्ती ते किती काळ किंवा किती तीव्रतेपर्यंत सहन करू शकते, ती मर्यादा. उंबरठा हा जाणिवेच्या आरंभाचा बिंदू आहे, तर सहनशक्तीत शरीराबरोबर मनाचाही मोठा वाटा असतो.

ही मापे घेण्यासाठी प्रामुख्याने तीन पद्धती वापरल्या जातात. अल्गोमीटर नावाच्या दाबमापक उपकरणाचे टोक स्नायूवर किंवा नखावर दाबतात. दुसऱ्या पद्धतीत हात बर्फाळ पाण्यात बुडवून ठेवावयास सांगतात. तिसरीत दंडाला रक्तदाबाच्या यंत्रासारखा पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवितात आणि हाताची हालचाल करावयास लावतात. तिन्हींतील वेदना एकाच जातीची नसते. त्यामुळे एका पद्धतीत मिळालेला निष्कर्ष दुसरीत मिळेलच असे नाही.

आपल्या परिभाषेत पाहिले तर 'दुःखसहिष्णुता' हा शब्द यांपैकी दुसऱ्या मापाच्या जवळ जातो. दुःख नाहीसे होणे आणि दुःख सहन करण्याचे सामर्थ्य येणे या भिन्न गोष्टी आहेत. आचार्यांनी येथे शूलनाश म्हटलेले नाही, सहिष्णुता म्हटले आहे. या शब्दयोजनेचे महत्त्व पुढे लक्षात येईल.

व्यायामाचे तीन प्रकार

प्रयोगांच्या सोयीसाठी व्यायामाचे तीन गट केले जातात. (१) एरोबिक किंवा श्वसनप्रधान व्यायाम : भरभर चालणे, धावणे, सायकल चालविणे, पोहणे. (२) आयसोमेट्रिक किंवा स्थिर व्यायाम : यात सांधा हलत नाही, स्नायू ताणून धरला जातो. मूठ आवळून धरणे, भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसलेल्या स्थितीत थांबणे, वजन हातात धरून कोपर न हलविता तोलणे ही उदाहरणे होत. (३) गतियुक्त बलव्यायाम : वजन उचलणे व खाली ठेवणे, जोर, बैठका, मुद्गल फिरविणे. सूर्यनमस्कारात दुसरा व तिसरा प्रकार मिसळलेला आहे आणि वेग वाढविल्यास पहिलाही येतो. म्हणून प्रयोगशाळेतील निष्कर्ष सूर्यनमस्कारास जसेच्या तसे लावता येत नाहीत.

श्वसनप्रधान व्यायाम

या विषयावरील आरंभीच्या लेखनात १९७९ साली ऑस्ट्रेलियातील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला, लांब पल्ल्याच्या धावकांच्या वेदनाहीनतेविषयीचा लेख उल्लेखनीय आहे. धावण्याच्या शर्यतीत पायाला इजा होऊनही धावकाला ती शर्यत संपल्यावरच जाणवते, हा क्रीडाक्षेत्रातील जुना अनुभव आहे. त्याचा पद्धतशीर अभ्यास त्या सुमारास सुरू झाला.

यात मात्रेचा प्रश्न महत्त्वाचा ठरला. २००४ साली हॉफमन व सहकाऱ्यांनी निरोगी व्यक्तींना ट्रेडमिलवर वेगवेगळ्या तीव्रतेने व वेगवेगळ्या काळापर्यंत धावावयास लावून बोटावरील दाबाची वेदना मोजली. कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमतेच्या ७५ टक्के तीव्रतेने ३० मिनिटे व्यायाम केल्यावर वेदना कमी झाली. त्याच तीव्रतेने केवळ १० मिनिटे किंवा ५० टक्के तीव्रतेने ३० मिनिटे व्यायाम केल्यावर तसा परिणाम मिळाला नाही. म्हणजे तीव्रता आणि काल दोन्हींची किमान मात्रा लागते, एकाने दुसऱ्याची उणीव भरून निघत नाही. पुढील काही अभ्यासांत मध्यम तीव्रतेनेही थोडा परिणाम आढळला आहे. तरीही तीव्रता वाढेल तसा परिणाम वाढण्याकडे कल दिसतो.

स्थिर व्यायाम

येथे एक अनपेक्षित गोष्ट आढळली. २००८ साली हॉगर बेमेंट व सहकाऱ्यांनी कोपराच्या स्नायूंवर चार प्रकारच्या मात्रा तपासल्या. पूर्ण ताकदीचे थोड्या वेळाचे आकुंचन, ८० टक्के ताकदीचे थकेपर्यंतचे आकुंचन, २५ टक्के ताकदीचे दोन मिनिटांचे आकुंचन आणि २५ टक्के ताकदीचे थकेपर्यंतचे आकुंचन. यांपैकी सर्वाधिक वेदनाल्पता शेवटच्या प्रकारात, म्हणजे अल्प बल परंतु दीर्घ काल धरून ठेवलेल्या आकुंचनात आढळली. स्थिर व्यायामात बलापेक्षा धारणकाल महत्त्वाचा ठरू शकतो, असा याचा अर्थ होतो.

वेदनाल्पता व्यायाम केलेल्या अवयवापुरतीच राहत नाही, हेही अनेक अभ्यासांतून दिसले आहे. पायाचा व्यायाम केला असता हातावरील दाबाची वेदनाही काही प्रमाणात कमी होते. अर्थात ज्या अवयवाने काम केले तेथे परिणाम सहसा अधिक असतो. यावरून केवळ स्थानिक नव्हे, तर मज्जासंस्थेच्या वरच्या केंद्रांतून येणारे नियंत्रणही येथे कार्य करते असे अनुमान निघते.

गतियुक्त बलव्यायाम

या प्रकारावरील अभ्यास इतर दोहोंच्या मानाने थोडे आहेत. वजन उचलण्याच्या सत्रानंतर लगेच वेदना-उंबरठा वाढतो असे त्यांत आढळते. परंतु या प्रकाराला दुसरी बाजू आहे. सवय नसताना जोर-बैठका किंवा वजनाचा व्यायाम केल्यास २४ ते ७२ तासांच्या दरम्यान स्नायू दुखतात आणि स्पर्शासह्यत्व येते. विशेषतः भार खाली आणताना स्नायू लांबत असताना जे काम होते, त्याने हे अधिक घडते. म्हणजे एकाच व्यायामाने पहिल्या अर्ध्या तासात वेदना कमी व दुसऱ्या दिवशी अधिक, अशा परस्परविरुद्ध अवस्था एकाच शरीरात क्रमाने येतात. रुग्णाचे मत कोणत्या क्षणी विचारले यावर उत्तर बदलते.

सर्वांत प्रभावी प्रकार कोणता?

या प्रश्नाचे उत्तर काळाबरोबर बदलले आहे आणि ते प्रामाणिकपणे सांगणे आवश्यक आहे. २०१२ साली नॉगल, फिलिंजिम व रायली यांनी तोपर्यंतच्या अभ्यासांचे एकत्रित संख्याशास्त्रीय विश्लेषण केले. अशा विश्लेषणात परिणामाचे मान ०.२ असल्यास अल्प, ०.५ असल्यास मध्यम व ०.८ च्या वर असल्यास मोठे मानण्याचा प्रघात आहे. निरोगी व्यक्तींच्या वेदना-उंबरठ्याबाबत स्थिर व्यायामाचे मान १.०२, गतियुक्त बलव्यायामाचे ०.८३ आणि श्वसनप्रधान व्यायामाचे ०.४१ आले. त्यावरून स्थिर व्यायाम सर्वश्रेष्ठ असे अनेकांनी गृहीत धरले.

२०२१ साली मॅथ्यू जोन्स व त्यांच्या सहकाऱ्याने हाच प्रश्न अधिक कठोर निकष लावून पुन्हा तपासला. ज्या अभ्यासांत व्यायाम न करणाऱ्या तुलनागटाची यादृच्छिक विभागणी होती, तेवढेच त्यांनी घेतले. त्यात निरोगी व्यक्तींत श्वसनप्रधान व्यायामाचे मान ०.८५, गतियुक्त बलव्यायामाचे ०.४५, तर स्थिर व्यायामाचे केवळ ०.१६ आले, म्हणजे परिणाम जवळजवळ नाहीच. क्रम पूर्ण उलटला.

असे का झाले असावे? पूर्वीच्या पुष्कळ अभ्यासांत व्यायामापूर्वी व व्यायामानंतर एवढेच माप घेतले होते. दुसऱ्यांदा माप घेताना व्यक्ती उपकरणाला सरावलेली असते, तिची भीती कमी झालेली असते, त्यामुळे व्यायाम न करताही उंबरठा बदलू शकतो. तुलनागट ठेवल्यावर हा भाग वजा होतो. अर्थात दुसऱ्या विश्लेषणात स्थिर व्यायामाचे तीनच व बलव्यायामाचे दोनच अभ्यास होते, हेही विसरता येत नाही. म्हणून आजच्या स्थितीत एवढेच म्हणावे की, पुरेशा मात्रेतील श्वसनप्रधान व्यायामाचा पुरावा त्यातल्या त्यात भक्कम आहे, इतर दोहोंचा अनिश्चित आहे.

आपल्या क्षेत्रातील संशोधकांनी यातून बोध घ्यावा. एखादे तेल किंवा गुग्गुळकल्प देऊन त्याबरोबर व्यायाम सांगितला आणि 'पूर्वी' व 'नंतर' एवढीच वेदना मोजली, तर सुधारणेचे श्रेय कोणाला द्यावयाचे? औषधाला, व्यायामाला की दुसऱ्यांदा मोजण्याला? पदव्युत्तर प्रबंधांत तुलनागटाची ही उणीव वारंवार दिसते.

हे घडते कसे?

धावण्याने 'एंडॉर्फिन' स्रवते व त्यामुळे वेदना कमी होते, हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. २००८ साली जर्मनीतील बोएकर व सहकाऱ्यांनी दहा धावकांच्या मेंदूचे, दोन तास धावण्यानंतर, पेट पद्धतीने चित्रण केले व मेंदूतील ओपिऑइड-व्यवस्था कार्यान्वित होत असल्याचे दाखविले. परंतु रक्तातील बीटा-एंडॉर्फिन मेंदूत सहजी प्रवेश करीत नाही आणि ओपिऑइड-रोधक औषध देऊनही अनेक प्रयोगांत वेदनाल्पता टिकून राहिली. २००३ पासून 'एंडोकॅनाबिनॉइड' या शरीरांतर्गत द्रव्यांचाही सहभाग दिसू लागला. मेंदूकडून सुषुम्नेकडे उतरणारे वेदनारोधक संदेश, व्यायामाच्या वेळी वाढणारा रक्तदाब, मनाचे अन्यत्र गुंतणे, हेही घटक आहेत. एकच कारण धरून बसू नये.

अपेक्षेचा वाटाही लक्षणीय आहे. जोन्स यांच्याच गटाने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी व्यक्तींच्या एका गटाला व्यायामाने वेदना कमी होते ही माहिती आधी समजावून दिली. सर्वसाधारण माहिती दिलेल्या गटाच्या तुलनेत त्यांच्यात व्यायामानंतर उंबरठा अधिक वाढला. वैद्याच्या शब्दाला आपल्या शास्त्राने दिलेले महत्त्व पाहता यात आश्चर्य वाटू नये.

नित्य व्यायामाचे फल

वरील सर्व परिणाम एकवेळच्या व्यायामाचे आहेत आणि ते अल्पकाल, सामान्यतः काही मिनिटे ते अर्धा तास, टिकतात. महिनोन्महिने नित्य व्यायाम करणाऱ्याचे काय होते, हा स्वतंत्र प्रश्न आहे आणि येथे पुन्हा आचार्यांच्या शब्दाकडे यावे लागते.

२०१४ साली जोन्स व सहकाऱ्यांनी निरोगी प्रौढांना सहा आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, ३० मिनिटे सायकलचा व्यायाम दिला. व्यायामगट व तुलनागट प्रत्येकी बारा जणांचा होता. सहा आठवड्यांनंतर व्यायामगटाची वेदना-सहनशक्ती वाढली. वेदना-उंबरठा मात्र बदलला नाही. दुखणे पूर्वीच्याच बिंदूला सुरू होत होते, सहन होण्याची मर्यादा मात्र पुढे सरकली होती. २०१२ साली टेझार्झ व सहकाऱ्यांनी १५ अभ्यासांतील ८९९ व्यक्तींची माहिती एकत्र केली, तेव्हाही क्रीडापटूंची सहनशक्ती सामान्य सक्रिय व्यक्तींपेक्षा निश्चितपणे अधिक, तर उंबरठ्यातील फरक मात्र अभ्यासागणिक वेगळा आढळला. नॉर्वेतील ट्रोम्सो येथील दीर्घकालीन पाहणीतील दहा हजारांहून अधिक प्रौढांची माहिती २०२३ साली प्रसिद्ध झाली. त्यातही अधिक शारीरिक हालचाल करणारे लोक थंड पाण्यात हात अधिक काळ ठेवू शकले. हा पाहणीचा निष्कर्ष असल्याने त्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, परंतु दिशा तीच आहे.

शीतसहिष्णुतेचा सुश्रुतोक्त उल्लेख आणि बर्फाळ पाण्याची ही परीक्षा शेजारी ठेवून 'आमच्याकडे सर्व होतेच' असा जयघोष करण्याचा माझा हेतू नाही. संहितेत निरीक्षण आहे, मात्रा व मापन प्रयोगशाळेने दिले आहे. दोहोंचा मेळ जेथे बसतो तेथे तो आनंदाने मान्य करावा, एवढेच.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरुण माझ्याकडे आला. डाव्या नडगीत दुखत होते. सकाळी मैदानावर धावून तो थेट दवाखान्यात येत असे. 'धावायला लागलो की पहिली दोन मिनिटे दुखते, मग काही वाटत नाही' असे तो म्हणे. मी दाबून पाही, तेव्हाही वेदना किरकोळच सांगे. वातप्रकोप व अतिश्रम असे धरून मी अभ्यंग, स्वेदन व पोटातून औषधे दिली. प्रत्येक भेटीत 'बरे आहे' असेच उत्तर येई आणि मी ते चिकित्सेचे यश समजत गेलो. तीन आठवड्यांनी रात्री विश्रांतीतही ठणका लागू लागला, तेव्हा क्ष-किरण तपासणी केली. नडगीच्या हाडाला ताणाने सूक्ष्म भंग झाला होता. त्याची त्या वर्षीची भरती गेली.

मी त्याला प्रत्येक वेळी धावल्यानंतर अर्ध्या तासाच्या आत तपासत होतो, हे माझ्या लक्षात फार उशिरा आले. त्या वेळची वेदनाल्पता माझ्या तेलाची नव्हती. किमान अंशतः तरी ती धावण्याची होती. एखाद्या सायंकाळी, विश्रांत अवस्थेत, हाडाच्या त्याच बिंदूवर बोट ठेवले असते तर कदाचित लवकर उलगडा झाला असता.

व्यवहारात काय करावे?

(१) वेदनेची परीक्षा व्यायामानंतर किमान एक तासाने, शक्यतो प्रत्येक भेटीत दिवसाच्या त्याच वेळी करावी. केसपेपरवर 'व्यायाम केव्हा केला' याची नोंद ठेवावी.

(२) 'दुखणे केव्हा सुरू होते' आणि 'किती सहन होते' हे दोन प्रश्न स्वतंत्र विचारावेत. नित्य व्यायाम करणारा रुग्ण वेदना कमी सांगतो, म्हणून विकृती कमी आहे असे समजू नये.

(३) निरोगी व्यक्तीवरील निष्कर्ष रुग्णास लावताना सावध राहावे. दीर्घकालीन व सर्वांगव्यापी वेदनेच्या काही रुग्णांत, विशेषतः फायब्रोमायल्जियात, स्थिर व्यायामाने वेदना वाढल्याचे आढळले आहे. अशा रुग्णास अल्प मात्रेने आरंभ करावा व दुसऱ्या दिवशीची स्थिती विचारून मात्रा वाढवावी.

(४) स्थिर व्यायामात रक्तदाब वाढतो. उच्च रक्तदाबाच्या रुग्णास श्वास रोखून ताण धरण्यास सांगू नये.

(५) ७५ टक्के प्राणवायू-क्षमता आणि अर्धशक्ती ही दोन वेगळी मापे आहेत, त्यांचे गणित जुळवू नये. वेदनाल्पता मिळावी म्हणून कोणी अतिव्यायाम करू लागल्यास त्याचे फळ श्रम, क्लम, तृष्णा व क्षय हेच. ललाटावर व कक्षेत स्वेद, मुखशोष, तोंडाने श्वास ही टीकाकारांनी सांगितलेली व परंपरेने शिकविली जाणारी लक्षणे दिसताच थांबणे, तसेच ऋतू, वय व आहार पाहून मात्रा कमी करणे, हा उपदेश आजही तितकाच उपयुक्त आहे.

(६) औषधविक्रेत्या बंधूंसाठी विशेष विनंती. व्यायामशाळेत जाणारे तरुण वेदनाशामक तेल व लेप मागण्यास आपल्याकडेच प्रथम येतात. दोन-तीन दिवसांची, दोन्ही बाजूंची, स्नायूंतील दुखण्याची तक्रार असेल तर अभ्यंग व विश्रांती पुरते. परंतु एकाच बिंदूवर हाड दुखत असेल, रात्री दुखत असेल, किंवा तेल लावल्याशिवाय व्यायामच करता येत नसेल, तर बाटली देण्यापूर्वी वैद्याकडे पाठवावे. श्रमाबरोबर छाती, जबडा अथवा डाव्या हातात येणारी व थांबल्यावर जाणारी वेदना ही स्नायूची समजू नये. अशा ग्राहकास त्वरित हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठविणे हे आपले कर्तव्य आहे.

उपसंहार

निरोगी व्यक्तीत पुरेशा मात्रेचा श्वसनप्रधान व्यायाम वेदनेची जाणीव थोडा काळ कमी करतो. स्थिर व बलव्यायामाचे फल अद्याप वादात आहे. नित्य व्यायामाने मात्र वेदना नाहीशी होत नाही, ती सहन करण्याचे सामर्थ्य वाढते. ज्याच्या अंगी हे सामर्थ्य आले, त्याचे शरीर इजेची सूचना देत नाही असे नव्हे. ती सूचना तो मनावर घेत नाही आणि आपल्यालाही कमी करून सांगतो. म्हणून व्यायामी रुग्ण 'विशेष काही नाही' असे म्हणतो, तेव्हा वैद्याने आणखी एकदा बोट ठेवून पाहावे.